घरकुलाची मदत : यादी, जमीन आणि राज्याचा हिस्सा

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी अन्न व वस्त्र रोजच्या मिळकतीतून थोडेथोडे घेता येते. घराचे तसे नाही. घरासाठी एकाच वेळी मोठी रक्कम लागते, कायदेशीर जागा लागते आणि कर्ज घ्यायचे तर नियमित उत्पन्नाचा पुरावा लागतो. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाजवळ या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र असतात. म्हणूनच निवाऱ्याचा प्रश्न केवळ बाजारावर सोडता येत नाही, हे जवळजवळ सर्व देशांनी मान्य केले आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या खटल्यात निवाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामीण गृहनिर्माण हा पंचायतींकडे सोपवावयाचा विषय म्हणून नोंदलेला आहे.

गृहनिर्माण योजनांचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा रकमा आणि वर्षे पाठ करतात. ती आवश्यक आहेतच. परंतु मंजूर रक्कम ही या प्रक्रियेची शेवटची पायरी आहे. तिच्या आधी तीन पायऱ्या येतात : कुटुंबाचे नाव यादीत असणे, घराची जागा त्याच्या नावावर असणे आणि केंद्र व राज्य या दोघांचाही हिस्सा वेळेवर जमा होणे. यांपैकी एक पायरी जरी निसटली तरी घरकुल कागदावरच राहते. महाराष्ट्राच्या शेजारच्या छत्तीसगड राज्यातील रायपूर जिल्ह्यात अभनपूरचा परिसर आहे. तेथील परिस्थितीच्या आधारे या तिन्ही पायऱ्या स्पष्ट होऊ शकतात.

मदतीचे तीन मार्ग

शासन घरासाठी तीन प्रकारे मदत करू शकते. पहिला मार्ग थेट अनुदानाचा. ज्याच्याजवळ जागा आहे, पण पैसा नाही, त्याला बांधकामासाठी रक्कम दिली जाते. दुसरा मार्ग व्याज सवलतीचा. ज्याचे उत्पन्न कर्जाचा हप्ता भरण्याइतके आहे, पण तो हप्ता झेपत नाही, त्याच्या व्याजाचा काही भार शासन उचलते. तिसरा मार्ग भाड्याच्या घरांचा. कामासाठी शहरात आलेल्या, पण तेथे कायम राहण्याचा निर्णय न झालेल्या कुटुंबाला मालकीपेक्षा परवडणारे भाडे अधिक उपयोगी असते.

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी केलेल्या अंदाजानुसार २०१२ मध्ये नागरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई होती. तिच्यापैकी सुमारे ९६ टक्के टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या वाट्याची होती. म्हणजे प्रश्न घरांच्या एकूण संख्येपेक्षा परवडण्याचा अधिक आहे. ज्यांना घर हवे त्यांना परवडेल असे घर बाजार बांधत नाही, आणि बाजार जे बांधतो ते त्यांना घेता येत नाही.

इंदिरा आवासपासून प्रधानमंत्री आवासपर्यंत

स्वातंत्र्यानंतर पहिला भर फाळणीग्रस्तांच्या पुनर्वसनावर होता. पुढे औद्योगिक कामगारांसाठी १९५२ मध्ये, तर अल्प उत्पन्न गटासाठी १९५४ मध्ये योजना आल्या. ग्रामीण गरिबांसाठी देशव्यापी घरकुल कार्यक्रम मात्र १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या रूपाने सुरू झाला. प्रारंभी ती ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा भाग होती, १९८९ पासून जवाहर रोजगार योजनेचा भाग झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र योजना बनली. तिच्यातील मदतीची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २०१३ मध्ये ती सपाट प्रदेशात ७० हजार आणि डोंगराळ प्रदेशात ७५ हजार रुपये झाली.

या योजनेची पुनर्रचना होऊन १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. २० नोव्हेंबर २०१६ रोजी आग्रा येथे तिचा औपचारिक प्रारंभ झाला. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले. मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरली. याखेरीज शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी जोडण्यात आली. रक्कम हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात जमा होते आणि प्रत्येक टप्प्यावर बांधकामाचे स्थाननिर्देशित छायाचित्र नोंदवावे लागते. मार्च २०२४ पर्यंत २ कोटी ९५ लाख घरांचे उद्दिष्ट होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंत आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली.

शहरांसाठीची योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा, प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०, १ सप्टेंबर २०२४ पासून अमलात आला असून त्यात १ कोटी कुटुंबांचे लक्ष्य आहे. या टप्प्याचे चार घटक आहेत : स्वतःच्या जागेवर लाभार्थ्याने बांधावयाचे घर, भागीदारीतून उभारलेली परवडणारी घरे, परवडणारी भाड्याची घरे आणि व्याज अनुदान. वर सांगितलेले तिन्ही मार्ग येथे एकाच योजनेत एकत्र आलेले दिसतात.

एक परिसर, दोन चौकटी

अभनपूर हे रायपूर शहराच्या दक्षिणेस, धमतरी व जगदलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील गाव. रायपूर-धमतरी अरुंदमापी लोहमार्गावरील हे जंक्शन. येथूनच राजिमकडे फाटा जात असे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पुढे नवी राजधानी नवा रायपूर वसविण्यासाठी अभनपूर व आरंग या दोन विकासखंडांतील गावांची जमीन घेण्यात आली. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे अभनपूर ते रायपूर अशी रुंदमापी लोहमार्गावरील मेमू गाडी सुरू झाली. शेती, राजधानीचे बांधकाम आणि शहरातील नोकरी हे तीनही व्यवसाय या परिसरात शेजारी शेजारी आढळतात.

अभनपूर गावाला नागरी स्थानिक संस्था आहे, तर भोवतालची खेडी ग्रामपंचायतींच्या कक्षेत येतात. परिणामी एकाच रस्त्यावरच्या दोन कुटुंबांना दोन वेगळ्या योजना लागू होतात. हद्दीबाहेरच्या कुटुंबाला ग्रामीण योजनेनुसार १ लाख २० हजार रुपये मिळू शकतात. त्यांतील ७२ हजार केंद्राचे आणि ४८ हजार राज्याचे. हद्दीतील कुटुंब स्वतःच्या जागेवर घर बांधणार असेल, तर शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यानुसार केंद्र दीड लाख रुपये देते आणि राज्याने किमान एक लाखाची भर घालणे अपेक्षित आहे. या घटकाला छत्तीसगडमध्ये ‘मोर जमीन मोर मकान’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. ‘मोर’ म्हणजे छत्तीसगढीत ‘माझे’. सिमेंट व सळईचा भाव हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, मदत मात्र सारखी नसते. शहराच्या कडेने वाढणाऱ्या सर्वच भागांत ही विसंगती दिसते.

पहिली पायरी : यादी

ग्रामीण योजनेत लाभार्थी निवडीचा पाया २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना हा होता. बेघर आणि शून्य, एक किंवा दोन कच्च्या खोल्यांत राहणारी कुटुंबे प्रथम निवडली गेली व ग्रामसभेने त्या यादीची पडताळणी केली. गणनेतून सुटलेल्यांसाठी जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झाले. पुढील टप्प्यासाठी भ्रमणध्वनीवरील उपयोजनाच्या साहाय्याने नवे सर्वेक्षण घेण्यात आले. त्यात कुटुंबाला स्वतःही माहिती भरण्याची सोय ठेवली होती.

यादीतून वगळण्यासाठी पूर्वी १३ निकष होते. घरात दुचाकी, शीतपेटी किंवा दूरध्वनी असणे, कुटुंबातील कोणाचे मासिक उत्पन्न १० हजारांहून अधिक असणे, ५० हजार वा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे अशांचा त्यात समावेश होता. २०११ च्या सुमारास दुचाकी सुबत्तेचे लक्षण ठरत असेलही. परंतु अभनपूरसारख्या ठिकाणाहून रायपूरला मजुरीसाठी जाणाऱ्याच्या दृष्टीने जुनी मोटारसायकल हे कामाचे साधन असते. रोजगार मिळविण्यासाठी घेतलेले वाहनच घरकुल नाकारण्याचे कारण ठरावे, ही या निकषाची उणीव होती. २०२४ मध्ये निकषांची संख्या १० वर आणली गेली. दुचाकी, मासेमारीची होडी, शीतपेटी व दूरध्वनी वगळण्यात आले आणि उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये करण्यात आली. अर्थशास्त्रात निवडीच्या चुका दोन प्रकारच्या मानतात : गरजू वगळला जाणे आणि गरज नसलेला समाविष्ट होणे. निकष कडक केले की दुसरी चूक कमी होते, पण पहिली वाढते. २०२४ चा बदल हा पहिली चूक कमी करण्याच्या दिशेने टाकलेले पाऊल होय.

दुसरी पायरी : जमिनीचा हक्क

बांधकाम अनुदान जागेच्या मालकीवर अवलंबून असते. ज्याच्या नावावर जागा नाही, त्याला नियमानुसार रक्कम मंजूर करता येत नाही. ग्रामीण योजनेत भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा अन्य जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर आहे. ‘जमीन’ हा विषय राज्यसूचीत असल्याने ते स्वाभाविकही आहे.

छत्तीसगडमधील खेड्यांत वस्तीच्या जमिनीला ‘आबादी’ म्हणतात. महाराष्ट्रातील ‘गावठाण’ या शब्दाशी त्याचे साधर्म्य आहे. अशा जमिनीवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण प्रत्येक घराचा वेगळा मालकी कागद अनेकदा नसतो. शहरानजीक जमिनीची किंमत वाढू लागली की कागदाचा अभाव अधिक जाणवतो. नवा रायपूरसाठी जमीन गेलेल्या गावांतील शेतकऱ्यांनी जानेवारी २०२२ पासून दीर्घकाळ आंदोलन केले. त्यांच्या मागण्यांत पुनर्वसनाबरोबर वस्तीतील घरजागेच्या पट्ट्यांचाही समावेश होता. शेत गेल्यानंतर उरलेले राहते घर तरी कायद्याने आपले ठरावे, हा त्यामागील आशय होता.

या प्रश्नावरील राष्ट्रीय पातळीवरचा उपाय म्हणजे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली स्वामित्व योजना. तिच्यात ड्रोनच्या साहाय्याने वस्तीची मोजणी करून प्रत्येक घरधारकाला मालमत्ता पत्रक दिले जाते. १८ जानेवारी २०२५ रोजी ६५ लाख पत्रकांचे वितरण झाले. त्यात छत्तीसगड व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. मालमत्ता पत्रकामुळे घरकुलाची मंजुरी सुकर होते, शिवाय तेच पत्रक बँकेकडे तारणही ठेवता येते. मात्र ज्याच्याजवळ ताब्यात घेण्याजोगी जागाच नाही, त्याचा प्रश्न मोजणीने सुटत नाही. त्यासाठी जागाच द्यावी लागते.

तिसरी पायरी : राज्याचा हिस्सा

इंदिरा आवास योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा ७५ : २५ होता. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेल्यानंतर, २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशीनुसार मुख्य केंद्रपुरस्कृत योजनांचा वाटा बहुतेक राज्यांसाठी ६० : ४० करण्यात आला. राज्यांच्या हाती अधिक पैसा आला, तशीच त्यांची जबाबदारीही वाढली.

छत्तीसगडमध्ये या रचनेची कसोटी लागली. २०२१-२२ साठी राज्याला दिलेले सुमारे ७ लाख ८२ हजार घरांचे उद्दिष्ट केंद्राने मागे घेतले. राज्याचा हिस्सा वेळेवर जमा होत नाही, हे त्याचे कारण होते. कोविडकाळात महसूल घटला, केंद्राकडून येणे असलेल्या रकमा अडकल्या आणि ४० टक्क्यांचा भार जड आहे, अशी राज्याची बाजू होती. जुलै २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री टी. एस. सिंहदेव यांनी पंचायत व ग्रामीण विकास खाते सोडले, तेव्हा घरांसाठी निधी न मिळाल्याचा मुद्दा त्यांनी पत्रात नमूद केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने स्वतःची ग्रामीण आवास न्याय योजना सुरू केली. सत्तांतरानंतर १४ डिसेंबर २०२३ रोजी नव्या मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत १८ लाख घरांचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने सुमारे ८ लाख ४७ हजार घरांचे नवे उद्दिष्ट दिले आणि ३० मार्च २०२५ रोजी, ज्या दिवशी अभनपूरची मेमू सुरू झाली त्याच दिवशी, बिलासपूर जिल्ह्यातील कार्यक्रमात ३ लाख कुटुंबांचा गृहप्रवेश झाला.

या घटनाक्रमाचा हिशेब उद्बोधक आहे. १ लाख २० हजारांच्या दराने ७ लाख ८२ हजार घरांसाठी राज्याला सुमारे ३,७५० कोटी रुपये द्यावे लागले असते. ते न जमल्याने केंद्राचे सुमारे ५,६३० कोटी रुपयेही त्या वर्षी राज्यात आले नाहीत. वाद दोन शासनांचा होता. प्रतीक्षा मात्र कच्च्या भिंतींच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना करावी लागली. त्यांचे नाव यादीत होते, काहींजवळ जागाही होती. केवळ तिसरी पायरी निसटली होती. सहकारी संघराज्यवादाची चर्चा परीक्षेत तत्त्व म्हणून येते. येथे तिचा अर्थ आणखी काही पावसाळे गळत्या छपराखाली काढणे असा होता.

व्याज सवलतीचे गणित

ज्यांचे उत्पन्न थोडे अधिक आहे त्यांच्यासाठी व्याज अनुदान. २०१५ च्या शहरी योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटाला ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के अनुदान होते. २० वर्षांच्या मुदतीत मिळणाऱ्या या सवलतीचे वर्तमान मूल्य, म्हणजे सुमारे २ लाख ६७ हजार रुपये, कर्जखात्यात सुरुवातीलाच जमा होत असे. ९ टक्के व्याजाने ६ लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो. अनुदानामुळे मुद्दल ३ लाख ३३ हजारांवर येऊन हप्ता सुमारे ३ हजार होई. हा घटक मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि उर्वरित दोन गटांसाठी मार्च २०२२ मध्ये संपला.

दुसऱ्या टप्प्यात वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे पात्र आहेत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. पहिल्या ८ लाखांवर, कमाल १२ वर्षांच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार असून ती पाच वार्षिक हप्त्यांत दिली जाते. म्हणजे वर्षाला ३६ हजार. सुरुवातीला एकरकमी मिळणाऱ्या पूर्वीच्या मदतीपेक्षा ही रचना लहान आहे. मात्र कर्ज चालू असेल तरच पुढचा हप्ता मिळत असल्याने शासनाचा पैसा अधिक सुरक्षित राहतो.

येथेही एक अडसर आहे. पगारपत्रक नसलेल्या मजुराला किंवा फेरीवाल्याला बँक कर्जच देत नसेल, तर व्याज सवलतीचा त्याला उपयोग नाही. हे ध्यानात घेऊन अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांना हमी देणाऱ्या निधीचे भांडवल १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींवर नेण्यात आले. तरीही व्याज अनुदान हे स्वभावतः ज्याला कर्ज मिळते त्याच्यासाठीचे साधन आहे, हा भेद विसरता कामा नये.

महाराष्ट्राची भर

महाराष्ट्राने केंद्रीय चौकटीला आपली जोड दिली आहे. अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या योजना यादीतून सुटणाऱ्या गटांकडे लक्ष देतात. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना दुसऱ्या पायरीवरच उपाय करते. भूमिहीन लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्यासाठी आधी ५० हजार रुपये मिळत. पुढे ही मर्यादा एक लाख करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने ग्रामीण घरकुलासाठी ५० हजारांची वाढ दिली. त्यांतील ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौरऊर्जेसाठी आहेत.

या वाढीचे कारण उघड आहे. १ लाख २० हजारांचा दर २०१६ मध्ये ठरला आणि २०२४ च्या मंजुरीतही तोच राहिला. दरम्यान ग्राहक किंमत निर्देशांक जवळपास दीडपट झाला. नाममात्र रक्कम स्थिर राहिली की तिचे वास्तव मूल्य घटते. फरक कुटुंबाच्या बचतीतून किंवा सावकाराच्या कर्जातून भरला जातो. ग्रामीण योजनेत ७० हजारांपर्यंतच्या बँक कर्जाची सोय आहे. ती प्रत्यक्ष किती कुटुंबांपर्यंत पोहोचते यावर घर पूर्ण होणे वा अर्धवट राहणे अवलंबून असते.

समारोप

अभनपूरच्या उदाहरणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, यादी ही एकदाच करून ठेवण्याची गोष्ट नाही. गरिबीची लक्षणे बदलतात तसे निकषही बदलले पाहिजेत. दुसरा, घरजागेचा हक्क देणे हा घरकुल कार्यक्रमाचा पूरक नव्हे, तर पहिला भाग आहे. तिसरा, केंद्र व राज्य यांच्या वाटपाच्या सूत्राला वेळापत्रकाची जोड हवी आणि मतभेद झाल्यास मंजूर कुटुंबांचे हप्ते थांबणार नाहीत, अशी तरतूद हवी. नागरी व ग्रामीण हद्दीवरील कुटुंबांच्या मदतीतील तफावतही कमी करावी लागेल. कारण शहरांची वाढ यापुढे अशाच हद्दींवर होणार आहे.

योजनेचे मूल्यमापन करताना मंजूर घरे, पूर्ण घरे आणि प्रत्यक्ष राहती घरे या तीन आकड्यांत फरक करावा. पहिला आकडा शासनाचा निर्णय सांगतो, दुसरा यंत्रणेची क्षमता. कुटुंबाला निवारा मिळाला की नाही, हे मात्र तिसऱ्याच आकड्यावरून कळते.